एका पुस्तकात एकच हात

प्रबंध वजनाला किती भरतो, त्याची पाठ किती जाड होते, त्याला पुठ्ठा कोणता लागतो, हे मला विचारा. आत काय लिहिलं असतं ते विचारू नका. मी चौथीत शाळा सोडली. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या या अंगाला, माझं बायंडिंगचं दुकान आहे. डॉक्टर व्हायला निघालेली माणसं आपला प्रबंध काखेत मारून माझ्याकडं येत राहिली. हे डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे नव्हेत. सुई टोचायचं काम आमच्या घरात होतं, आणि ते माझी बायको इंदू करायची. ती यंदा पोळ्याच्या आधी गेली. दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही. ते एवढंच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते कामाचं.

काम असं असतं. छापखान्यातून पुस्तक येतं तेव्हा त्याचे कागद घडी घातलेले असतात. घडी घातलेल्या पानांच्या जुडीला आम्ही जुज म्हणतो. घडीतून धागा नेऊन जुजाला जुज जोडत जायचं, ती जुजबंदी. प्रबंधाला हा मान नाही. तो झेरॉक्सवाल्याकडून सुट्या पानांचा गठ्ठा होऊन येतो. घडीच नाही तर धागा कुठून न्यायचा? म्हणून आता सगळीकडं पाठीला गरम गोंद लावतात, वरून रेक्झिनचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, की झाला प्रबंध. चार वेळा उघडला की पानं हातात येतात. पण चार वेळा उघडतो कोण? म्हणून तक्रारही कोणाची येत नाही.

इंदू सुट्या पानांच्याच पातळ जुड्या करायची. टोच्यानं कडेला बारीक भोकं, त्यातून तिरपे टाके, आणि मग या जुड्या एकमेकींत गुंफत जायची. फार कोणी करत नाही हे. वेळ जातो. मी खळ शिजवायचो: मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पुठ्ठा कापणं, शिकंज्यात दाबणं, अक्षरं उठवणं ही माझी कामं. शिलाईला मी हात लावत नव्हतो. लावू देत नव्हती.

त्याचं कारण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दोन माणसांचा हात धागा सारखा ओढत नाही. एक सैल ओढतो, एक आवळून. एका पुस्तकात दोघांनी टाके घातले की ते वाकडं उघडतं. एक अंग सरळ पडतं, दुसरं अंग उभं राहून पानं मिटवून घेतं. म्हणून इंदूचा नियम होता, एका पुस्तकात एकच हात. एकदा ती भावाच्या पोरीच्या लग्नाला माहेरी, अंजनगाव सुर्जीला गेली. शिलाईच्या चौकटीवर घडीच्या जुजांचं, टोच्याची भोकं न लागणारं एक पुस्तक अर्धं शिवलेलं होतं आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. मी उरलेलं शिवून टाकलं. ती आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी पुस्तक उघडलं.

"हे कोनं शिवलं?"

"मी. काहून?"

"उघडून पाहा ना. माह्या अंगानं कसं लोळते. तुमच्या अंगानं आलं की अडेल बैलावानी उभं राह्यते."

"मंग माहे टाके काढून टाक."

"तुमचे काढून काय होते? मधात धागा तुटला. आता सारंच उसवा लागते."

आणि तिनं सगळं उसवलं. माझं तर उसवलंच, स्वतःचंही उसवलं. त्यात तिला काही वाटलं नाही. मला मात्र तिचे ते सारखे टाके सुटताना पाहून जिवाला लागलं होतं. बोललो असतो तर ती हसली असती.

गिऱ्हाइकांचे नमुने लिहायला बसलो तर हा दिवाळी अंक पुरणार नाही. प्रबंधाला डावीकडं दीड इंच कोरी जागा सोडावी लागते, कारण तेवढी शिलाईत जाते. एका भल्या माणसानं कागद वाचवायला कडेपर्यंत टाइप केलं. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिलाईत जाणार होता. मी दाखवलं तर म्हणतो, "काका, थोडं बाहेरून शिवा ना."

"बाहेरून कुठून शिवू बाबा, हवेत?"

बिचारा खाली बसला. नंतर सगळं परत छापून आणलं.

दुसरे एक अंजनगावचे. त्यांना एक जास्तीची प्रत पाहिजे होती आणि तिच्यावर नावाच्या आधी सोनेरी अक्षरात 'डॉ.' पाहिजे होतं. अजून तोंडी परीक्षा व्हायची होती. आमच्या धंद्यात कोणी तसं उठवत नाही. परीक्षेच्या आधी डॉ. म्हणजे लग्नाच्या आधी बारसं.

"घरी ठेवाले पाहिजे," ते म्हणाले, "सासऱ्याले दाखवाची हाये."

आतून इंदू म्हणाली, "माह्या माहेरचे हाये. उतावळे राह्यनारच. द्या त्यायले कोरी जागा सोडून, सासरेबुवा पेनानं भरतील."

ते चिडले, मग हसले, आणि कोरी जागा सोडलेली प्रत घेऊन गेले. पुढं पास झाल्यावर पेढे घेऊन आले आणि जागा भरून घेतली.

आता वानखडे सर. हे दर्यापूरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. यांचा प्रबंध इतकी वर्षं चालला की यांच्या वर्गातली पोरं सरपंच झाली आणि सर अजून तिसऱ्याच प्रकरणावर. शाळेतले मास्तर लोक चिडवत, "सर, प्रबंध हाये का मंदिराचा जीर्णोद्धार?" सर सुट्टीच्या दिवशी दर्यापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येत. ग्रंथालयात जात आणि परतीची गाडी धरायच्या आधी आमच्या दुकानात बसत. काम नसलं तरी बसत. इंदूच्या हातचा चहा हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला दर्यापुरात कोणी उरलं नव्हतं.

त्यांचा विषय होता एकच शब्द. ग्रंथ.

इंदूनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गठ्ठ्याकडं पाहून म्हणाली, "सर, एका शब्दावर येवढं लिवलं? पुरं वाक्य घेतलं असतं तं ट्रक लागला असता."

सर मनापासून हसले. मग त्यांनी सांगितलं, आणि ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण आमच्या कामाबद्दल शिकल्या माणसानं बोललेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"वहिनी, ग्रंथ म्हणजे मुळात विद्या नाही. ग्रंथ म्हणजे गुंफलेलं, बांधलेलं. आधी कागद नव्हता. ताडाच्या पानावर लिहीत. पानाला मधात भोक पाडत, साऱ्या पानांतून एक दोरी ओवत अन् दोरीले गाठ मारत. ते गाठ मारून बांधलेलं बाड, त्याच्याशी हा शब्द जुळते. आपली गाठ अन् ग्रंथ, दोघं एकाच मुळातले. प्रबंध पाहा, त्यातही बंध हाये. निबंधातही बंधच."

मी म्हटलं, "शाळेत मी गाईवर निबंध लिवला होता. गाय सुटीच होती."

"तुमी गप बसा," इंदू म्हणाली. मग सरांना म्हणाली, "म्हंजे नाव आमच्या कामाचं अन् मान लिवनाऱ्याचा! हा कुठला न्याय?"

"तेच तं शोधून राहिलो, वहिनी. गुंफण्याचं नाव आतल्या विद्येले कवा लागलं, कसं लागलं. काही पंडित म्हणतात, दोरी गौण हाये, शब्दाले शब्द गुंफला म्हणून ग्रंथ. काही म्हणतात, आधी दोरीच. दोघांजवळ पुरावे हायेत."

"मंग तुमचं काय म्हननं?"

"ठरून नाही राहिलं अजून."

म्हणून तिसरं प्रकरण संपत नव्हतं.

एकदा सर अमरावतीच्या एका भिक्षुकांच्या घरून फार विनवण्या करून एक जुनी पोथी घेऊन आले. लाल कपड्यात गुंडाळलेली, वरखाली लाकडी पाट्या. पोथीचे दोन-चार कोपरे फाटले होते, ते सांधून द्यायचे होते. पोथी शिवत नाहीत. पानं सुटीच ठेवतात, वाचून झालेलं पान पालथं घालत जातात. इंदूनं हात धुतले, पदर खोचला आणि पानं एकेक करून पाहू लागली. तिला वाचता येत नव्हतं. ती अक्षरं सोडून नुसतं पान पाहत होती, म्हणून तिला दिसलं. प्रत्येक पानाच्या मधोमध एक लहान चौकोन कोरा सोडलेला होता. अक्षरं त्याला वळसा घालून जात होती.

"सर, इथं काहून नाही लिवलं?"

"तिथून दोरी जायची, वहिनी. ताडपत्राच्या काळी. कागद आला, दोरी गेली. पण लिहिणारे जागा सोडतच राहिले."

"किती साल?"

"लय. शेकडो वर्षं."

इंदूनं ते पान हातात धरून ठेवलं. "बरं केलं," म्हणाली, आणि खळ मागितली.

सरांचं तिसरं प्रकरण एकदाचं संपलं, बाकीचीही संपली. त्यांच्या प्रबंधाच्या पाच प्रती लागत होत्या. सर म्हणाले, मला गोंदाच्या नकोत, वहिनीच्या हातच्या पाहिजेत. इंदूनं चार शिवल्या. पाचवी चौकटीवर लावली, निम्म्याच्या थोडी पुढं गेली, जेवायला उठली. तेच जेवण.

तेरवीला सर आले होते. प्रबंधाचं नाव काढलं नाही. पंगतीत वाढायला मदत केली आणि गेले. पुढं मुदत जवळ आली तेव्हा त्यांना यावंच लागलं. दारात उभे राहिले, आत येईनात.

"भाऊ, चार प्रती देऊन द्या. पाचवीची म्या दुसरी प्रिंट काढतो, पुलापलीकडच्या मशीनवाल्याकडून गोंदाची करून घेतो. विद्यापीठाले पाच पाहिजेत. कशाने बांधल्या, ते काही इचारत नाहीत."

मला राग आला. सरांचा नाही, पण निघाला त्यांच्यावर.

"म्हंजे चार शिवलेल्या अन् एक चिकटवलेली? तिचं शेवटचं काम अर्धं राहिलं, असं पुस्तकाच्या अंगावर लिवून ठेवता काय?"

"तसं नाही भाऊ. मले वाटलं, ही अर्धी तुमच्याजवळ राहू द्यावं. आठवण म्हणून."

"आठवनीले पुस्तक नाही लागत. घरभर हाये."

सर चौकटीकडं पाहत होते. सुई टाक्यात तशीच होती, धागा खाली लोंबत होता. मी त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकून ठेवायचो, पण त्या दिवशी काढलेलं होतं.

"मंग पुढचं तुमी..." एवढं बोलून सर थांबले. इतकी वर्षं आमच्याकडं बसत होते, त्यांना नियम माहीत होता. दुसऱ्या हातानं पुढं शिवलं तर पुस्तक वाकडं. नीट करायचं तर आधी इंदूचं सगळं उसवायचं.

"पुढच्या आठवड्यात या," मी म्हटलं. काय करणार ते मलाच माहीत नव्हतं.

माझी पोरगी रेखा अमरावतीला दिली आहे. तिचा रोज फोन. "बाबा, सरांचं काम देऊन टाका, त्यायचं नुकसान होईन." मग एक दिवस ती स्वतःच आली. मी चौकटीजवळ ताट घेऊन जेवत होतो, ते पाहून चिडली.

"घरात टेबल नाही का?"

"हाये."

"मंग?"

मी जेवत राहिलो. ती समोर पाटावर बसली.

"बाबा, आई असती तं काय केलं असतं?"

"उसवलं असतं."

"मंग उसवा ना!"

"तिनं तिचं उसवलं असतं, रेखा. तिले त्याचं काही नव्हतं, पुन्हा शिवाले हात होता. म्या तिचं कसं उसवू?"

रेखा उठली, चहा ठेवला, आणि तिथंच उभी राहून रडली. पहिल्यांदा माझ्यासमोर. मीही रडलो म्हणा. लिहायला लाज कसली.

रेखा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून दुकानात बसलो. मोठ्या मनाचा वगैरे झालो नाही. एकच विचार आला. प्रत वाकडी झाली तर ज्याच्या हातात पडेल तो म्हणेल, कोण बेकार बायंडर होता. आणि चिकटवली तर म्हणेल, बाई अर्धं टाकून गेली. इंदूला दोन्ही चाललं नसतं. ती कोणाचं अर्धं ठेवणारी नव्हती.

सुई काढली. शेवटच्या टाक्यापासून मागं यायला लागलो. शिवलेलं उसवताना काम उलटं दिसतं. आधी तिनं शेवटी घातलेला टाका, मग त्याच्या आधीचा. एका ठिकाणी टाका जरा सैल होता. तिथं बहुतेक मी हाक मारली असेन, नाहीतर दूध उतू गेलं असेल. बाकी सगळे सारखे. धागा मेणाचा, एकदा वापरला की दुसऱ्यांदा चालत नाही, केरात टाकतात. मीही टाकला. लगेच टाकला, असं मात्र म्हणणार नाही.

सगळ्या जुड्या सुट्या झाल्या. मी नवा धागा मेणावर ओढला, भोकं पाडायला टोच्या उचलला आणि जुडी उजेडाकडं धरली. टोच्याचं कामच नव्हतं. भोकं होतीच. कागदातून धागा निघतो, भोक बुजत नाही. मी उरलेल्या जुड्याही पाहिल्या, ज्यांना तिचा धागा लागलाच नव्हता. त्यांनाही भोकं होती. ती आधी सगळ्या पुस्तकाची भोकं पाडून घ्यायची आणि मगच सुई धरायची. तिच्यासमोर बसून आयुष्य काढलं, पण हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी आपला माझ्या शिकंज्यात.

मी तिच्याच भोकांतून शिवायला बसलो. माझा हात आवळून ओढणारा. पण तिची भोकं बारीक आणि जवळ जवळ होती. तशा भोकांत जोर केला की कागद फाटतो. पहिल्याच जुडीत एक पान कडेला चिरलं. मग हात आपोआप हलका पडला. धागा मला पाहिजे तसा ओढता येत नव्हता, भोकं ओढू देतील तसाच ओढावा लागत होता. जे इंदूनं सांगूनही जमलं नसतं ते असं जमलं. हळू जमलं. तिला अर्धा दिवस लागला असता, मला चांगले दोन दिवस लागले. पाठ गोल केली, कापड चिकटवलं, शिकंज्यात घातलं, पुठ्ठा चढवला. अक्षरं उठवली. मी अक्षरं उलटी जुळवताना नेहमी फक्त चुका पाहायचो, वाचत नव्हतो. या वेळी वाचलं. ग्रंथ या शब्दाचा अर्थ आणि उगम.

सर आले. मी पाचही प्रती फळीवर ओळीनं ठेवल्या होत्या. त्यांनी चार उघडून पाहिल्या, पाचवी पाहिली, आणि पुन्हा पहिलीपासून पाहायला लागले. चष्मा पुसला.

"भाऊ, अर्धी राहिलेली कोणती?"

मी दाखवली. त्यांनी ती फळीवर ठेवली, मधोमध उघडली आणि हात काढून घेतला. पुस्तक दोन्ही अंगांनी सपाट पडून राहिलं. सर वाकून शिलाईत पाहू लागले.

"उसवलं का मंग?"

"उसवलं."

"म्हंजे हा तुमचा हात."

"धागा माहा हाये, सर. भोकं तिची."

सरांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमी हे मले आधी सांगाले पाहिजे होतं. माह्या तिसऱ्या प्रकरणात लिवलं असतं."

"आता काही घालता येत नाही, सर," मी म्हटलं. "पुठ्ठा चढला."